भाऊजींची केटोवरची फुल मॅरेथॉन: चौदा आठवडे, एमसीटीची बाटली आणि ४ तास ३४ मिनिटं

माझे धाकटे दीर, वय ४४, चाकणला नोकरी, घर धायरीत, धावायला लागून सहा वर्षं झाली. त्यांनी केटोसिसवर, म्हणजे कार्ब (पोळी, भात, साखर) जवळजवळ बंद करून शरीर चरबीवर चालवत, मुंबईची फुल मॅरेथॉन धावायची ठरवली तेव्हापासून पुढच्या वर्षीच्या फुलपर्यंतची सगळी नोंद माझ्या वहीत आहे, कारण मीच त्यांची लाँग रनची पार्टनर आणि घरात आकडे लिहून ठेवायची सवय फक्त मला. आमच्या ग्रुपमध्ये आता बरेच जण विचारतात की एमसीटी ऑइल (चटकन पचणारं एक तेल) घेऊन धावलं तर जेल, म्हणजे धावताना खायची ती घट्ट साखरेची पाकिटं, लागत नाहीत म्हणे, खरं का, म्हणून भाऊजींना विचारून, त्यांच्या परवानगीने, सगळं सविस्तर लिहितेय. एका माणसाची गोष्ट आहे हे लक्षात ठेवून वाचा.

आधी अडचण काय होती ते सांगते. पहिली फुल त्यांनी ४:१८ मध्ये केली, पण ती कशी केली ते मी पाहिलंय. ३३ किलोमीटरपर्यंत माणूस मस्त चाललेला, आणि मग एकदम पाय जड, डोळ्यांसमोर अंधारी, पेडर रोडचा चढ तर पूर्ण चालत. ज्याला आपण बॉन्क म्हणतो तोच. त्याचं कारणही सरळ होतं, त्यांना जेल पचत नाही. दुसऱ्या जेलनंतर मळमळ सुरू झाली आणि तिसरा तोंडात घालताच ओकारी. म्हणजे चार तासांत पोटात गेली जेमतेम ५० ग्रॅम साखर.

हिशोब बघा. धावायला ढोबळमानाने दर किलोला दर किलोमीटरला एक कॅलरी लागते. भाऊजी तेव्हा ७६ किलोचे, म्हणजे ४२ किलोमीटरला साधारण ३२०० कॅलरी. स्नायू आणि लिव्हरमध्ये ग्लायकोजेन म्हणून साठवलेली साखर चांगली भरलेली असली तरी साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे २००० कॅलरीच्या आसपास. बाकीचं चरबीतून यायला हवं, आणि चरबी जाळायचा वेग आपल्यासारख्या पोळी-भात खाणाऱ्या साध्या रनरचा मिनिटाला अर्धा ग्रॅमच्या आगेमागे असतो. पेस वाढवला की तो आणखी कमी होतो. मग साखर लवकर संपते आणि ३२-३४ च्या दरम्यान गाडी बंद पडते.

भाऊजींनी यावर वाचायला सुरुवात केली आणि त्यांना वोलेक आणि फिनी या संशोधकांचा अमेरिकेतला २०१६ चा अभ्यास सापडला, फास्टर नावाचा. वीस उत्तम अल्ट्रा रनर (मॅरेथॉनहून लांब धावणारे) आणि आयर्नमन (पोहणं, सायकल, धावणं अशी लांब शर्यत) करणारे, दहा नेहमीचं कार्बचं जेवण घेणारे आणि दहा सरासरी वीस महिने लो-कार्बवर असलेले. लो-कार्बवाल्यांचा चरबी जाळायचा सर्वात जास्त वेग मिनिटाला १.५४ ग्रॅम निघाला, दुसऱ्यांचा ०.६७. दुपटीहून जास्त. आणि ऑक्सिजन घ्यायच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांवर तो गाठला जात होता, कार्बवाल्यांचा मात्र ५५ टक्क्यांवरच. हे वाचून भाऊजी एका रविवारी सकाळी घरी आले आणि म्हणाले, ''वहिनी, माझ्या अंगावर बारा-तेरा किलो चरबी आहे. लाखभर कॅलरी आहेत. मी कशाला जेल खाऊन ओकत बसू?''

खरं सांगायचं तर मला उत्तर सुचलं नाही. प्रश्न बिनचूक होता.

गणपती होऊ दिले, कारण आईंच्या हातचे उकडीचे मोदक सोडणं शक्यच नव्हतं, आणि विसर्जनानंतर काही दिवसांनी सुरुवात केली. मुंबईची शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, हातात चौदा आठवडे. दिवसाला ४० ग्रॅमच्या आत कार्ब. पोळी, भाकरी, भात, डाळ, बटाटा, केळी, सगळं बंद. अंडी, पनीर, मटण, मासे, पालेभाज्या, ओल्या खोबऱ्याची चटणी, काकडी, तूप. सकाळी तूप घातलेली काळी कॉफी. माझ्या जावेला दोन स्वयंपाक करावे लागायचे हे कुठल्याच अभ्यासात लिहिलेलं नसतं, पण लिहायला हवं. रात्री नऊ वाजता मुलांच्या पोळ्या करून मग एका माणसासाठी पनीर परतत उभं राहणं तिने चौदा आठवडे केलं, आणि दिवाळीत तर चकली-करंजीचा डबा कपाटात लपवून ठेवला.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. डोकं दुखणं, रात्री पोटऱ्यांत गोळे, चिडचिड. यातलं बरंचसं मिठामुळे होतं हे आम्हाला दहाव्या दिवशी कळलं. कार्ब कमी केले की इन्सुलिन उतरतं आणि किडन्या मीठ आणि पाणी बाहेर टाकायला लागतात, म्हणून पहिल्या आठवड्यात तीन किलो वजन उतरतं आणि लोक खूश होतात, ते पाणी असतं. मटणाचा खारा रस्सा आणि लिंबू-मीठ-पाणी दिवसातून दोनदा सुरू केल्यावर दोन दिवसांत गोळे थांबले. बीपी असलेल्याने मात्र असं स्वतःच्या मनाने मीठ वाढवू नये.

धावणं म्हणाल तर आधी ६:३० च्या पेसला, म्हणजे किलोमीटरला साडेसहा मिनिटं, त्यांचा हार्ट रेट १४० असायचा, तोच दुसऱ्या आठवड्यात त्याच रस्त्यावर त्याच पेसला १५२. सिंहगड रोडवरचा साधा फ्लायओव्हर चढताना थांबले. मी म्हटलं, ''भाऊजी, सोडा हे, पोहे खाऊ.'' ते म्हणाले, ''सहा आठवडे द्या वहिनी, मग बघू.''

आणि सहाव्या आठवड्यात खरंच फरक पडला, हे मी मुद्दाम ठळकपणे सांगतेय कारण केटोवर टीका करणारे हा भाग गाळतात. हार्ट रेट १४३ वर आला. बोटातून थेंब काढून केटोन, म्हणजे चरबीपासून लिव्हरमध्ये बनणारं इंधन, मोजायचं मीटर त्यांनी घेतलं होतं, सकाळी उपाशीपोटी आकडा ०.६ ते १.१ यायचा. ०.५ च्या वर गेला की केटोसिस म्हणतात. एका रविवारी आम्ही २४ किलोमीटर केले, मी दोन खजूर, एक चिक्की आणि इलेक्ट्रॉलचं पाणी घेतलं, भाऊजींनी नुसतं पाणी आणि चिमूटभर मीठ. शेवटच्या किलोमीटरला मी भुकेने कासावीस आणि ते शांतपणे ऑफिसच्या गोष्टी सांगतायत. घरी आल्यावरही तासभर काही खाल्लं नाही. ज्या माणसाला अठराव्या किलोमीटरला चक्कर यायची त्याला असं धावताना पाहून मला मनापासून बरं वाटलं.

मग बाटली आली.

एमसीटी म्हणजे मध्यम लांबीच्या साखळीची चरबी. आपलं नेहमीचं तेल-तूप पचायला वेळ लागतो, पित्त लागतं, आतड्यातून ते लसिकेच्या वाटेने फिरून रक्तात येतं. सी-८ आणि सी-१०, म्हणजे आठ आणि दहा कार्बनच्या, या आखूड साखळ्या आतड्यातून थेट लिव्हरकडे जातात, तिथे त्यांचे पटकन केटोन होतात. म्हणून सायन्सच्या अंगाने कल्पना आकर्षक वाटते, चरबी असून साखरेसारखी चटकन मिळणारी. इथे एक गैरसमज सांगते जो आपल्याकडे फार आहे: खोबरेल म्हणजे एमसीटी नव्हे. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं, सी-१२, आणि ते पचताना बरंचसं लांब साखळीच्या चरबीसारखंच वागतं. खरं चटकन केटोन देणारं सी-८ आणि सी-१० मिळून खोबरेलात पंधरा टक्क्यांच्या आतच. कोकणातून काकांनी पाठवलेलं घाण्याचं खोबरेल कॉफीत घालून भाऊजी आठवडाभर प्याले, मीटरवर काहीच हललं नाही, ते यामुळे.

एमसीटीचा मात्र परिणाम दिसला. एक मोठा चमचा, १५ मिली, घेतल्यावर तासाभरात केटोन ०.८ वरून १.३. मग ३० मिली घेतलं, पोट थोडं गुरगुरलं, पण निभावलं. मग आला नववा आठवडा आणि ३० किलोमीटरची रन, धायरीतून निघून खडकवासला, गोऱ्हे, डोणजे करत सिंहगडच्या पायथ्यापर्यंत आणि परत. पहाटे सव्वाचारला त्यांच्या स्वयंपाकघरात मी उभी होते. जावेची छोटी स्टीलची वाटी, त्यात तीन चमचे मोजून ओतलं, पाण्यासारखं पातळ, ना वास ना रंग, आणि काळ्या कॉफीत घालून चमच्याने ढवळलं तरी वर थर तरंगत होता. ४५ मिली, म्हणजे चाळीसएक ग्रॅम. भाऊजींनी दोन घोटांत संपवलं.

धरणाची भिंत ओलांडेपर्यंत ठीक होतं. गोऱ्ह्याच्या अलीकडे त्यांचं बोलणं बंद झालं. मग हात पोटावर. अकराव्या किलोमीटरला एक चहाची टपरी नुकती उघडत होती, तिथे थांबलो, भाऊजी घामाने डबडबलेले आणि चेहरा पांढराफटक, टपरीवाल्या मावशींनी काही न विचारता पाण्याने भरलेलं टमरेल पुढे केलं आणि मागच्या झाडीकडे बोट दाखवलं. परत आले, दीड किलोमीटर चाललो, पुन्हा तेच. तीनदा. शेवटी मावशींच्या मुलाने टेम्पोतून नांदेड फाट्यापर्यंत आणून सोडलं. घरी ओआरएस देऊन झोपवलं आणि संध्याकाळपर्यंत ते उठले नाहीत. त्या दिवशी मी खरंच घाबरले होते, कारण जुलाबाने पाणी आणि मीठ दोन्ही गेलेलं आणि केटोवर आधीच मीठ कमी.

नंतर शोधलं तेव्हा कळलं की हे सगळं पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच करून बघितलेलं आहे. १९९६ मध्ये केपटाउनला टिम नोक्स या संशोधकाच्या लॅबमध्ये सायकलपटूंना दोन तासांच्या राइडमध्ये आणि नंतरच्या टाइम ट्रायलमध्ये (ठरलेलं अंतर घड्याळ लावून जमेल तितक्या वेगाने) मिळून ८६ ग्रॅम एमसीटी दिलं. नुसत्या एमसीटीवर ते साखरेच्या पाण्यापेक्षा हळू गेले, साखर आणि एमसीटी मिळून दिल्यावर जास्त वेगाने गेले, आणि यावरून जगभर आशा निर्माण झाली. मग १९९८ मध्ये युकेनड्रुप या संशोधकाने साधारण तेवढाच डोस दिला आणि पोटात कळा, जुलाब आणि नुसत्या पाण्यापेक्षाही वाईट वेळ असा निकाल आला. पोट बिघडू न देता घ्यायची मर्यादा साधारण ३० ग्रॅमच्या आसपास आहे. आता ३० ग्रॅम म्हणजे किती? २५० कॅलरी. तीन हजारांतल्या अडीचशे.

आणि मला जे भाऊजींना त्या रविवारी सांगता आलं नव्हतं ते इथे येऊन कळलं. ते स्वतःच म्हणाले होते ना, अंगावर बारा-तेरा किलो चरबी आहे. कणगी भरलेली असताना शेजारणीकडून वाटीभर ज्वारी उसनी कशाला आणायची? चरबीचा साठा कधीच कमी पडत नव्हता. कमी पडत होता तो साठ्यातून चरबी काढून जाळायचा वेग, आणि तो वेग आहाराने आणि ट्रेनिंगने वाढला होता, बाटलीने नाही. मी हे त्यांना सांगितलं. त्यांनी डोस १५ मिलीवर आणला, पण बाटली सोडली नाही.

दहाव्या आठवड्यात पुण्यातच एक हाफ, म्हणजे २१ किलोमीटरची शर्यत, होती. आधीची त्यांची हाफ १:५६. या वेळी २:०५. पोट ठीक, झोप ठीक, हवा गार. पण पाचव्या किलोमीटरपासून दम. हार्ट रेट १७० च्या वर आणि पेस ५:५५. टेम्पो रनमध्येही (जरा दम लागेल अशा एकसारख्या वेगाची रन) हेच दिसत होतं, आधी ५:३० ने आठ किलोमीटर १६४ हार्ट रेटवर आरामात करणारा माणूस आता पाचव्या किलोमीटरला हात गुडघ्यावर ठेवून उभा. भाऊजी म्हणायचे, ''इंजिन आहे पण गिअर पडत नाही वहिनी.''

हा गिअर का पडत नाही याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर मला क्रीडा-आहाराच्या संशोधक लुईस बर्क यांच्या कामात मिळालं. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या क्रीडा संस्थेत त्यांनी जगातले अव्वल रेस वॉकर, म्हणजे वेगाने चालायच्या शर्यतीतले खेळाडू, बोलावले, ऑलिम्पिकच्या तोडीचे, आणि तीन आठवडे कडक ट्रेनिंग करून घेतलं. काहींना भरपूर कार्ब, काहींना कधी कमी कधी जास्त, काहींना केटो. २०१७ मध्ये निकाल छापला. केटोवाल्यांचं चरबी जाळणं प्रचंड वाढलं, मिनिटाला १.५ ग्रॅमच्या पुढे. पण १० किलोमीटरच्या शर्यतीत भरपूर कार्बवाले सरासरी ६.६ टक्क्यांनी सुधारले, कमी-जास्तवाले ५.३ टक्क्यांनी, आणि केटोवाले तेवढंच ट्रेनिंग करून १.६ टक्क्यांनी मागे गेले. कारण ऑक्सिजन. एक लिटर ऑक्सिजन वापरून साखर जाळली तर साधारण ५.०५ कॅलरी मिळतात, चरबी जाळली तर ४.६९. सात टक्क्यांचा फरक. आरामात धावताना हवा भरपूर असते, त्यामुळे जाणवत नाही. पण जिथे तुम्ही मिळेल तेवढा ऑक्सिजन आधीच वापरताय, तिथे हा सात टक्क्यांचा भार छातीवर येतो. चरबी वाढली, दमही वाढला. लोक म्हणाले तीन आठवडे कमी पडले, म्हणून त्यांनी प्रयोग पुन्हा केला, २०२० मध्ये परत तोच निकाल छापला. तीन आठवडे कमी हा आक्षेप तरी उरतोच, पण भाऊजींचे तर दहा आठवडे झाले होते आणि गिअर आला नव्हता.

यावर भाऊजींनी मला १९८३ चा फिनी यांचा अभ्यास दाखवला, पाच सायकलपटू, चार आठवडे केटो, दमेपर्यंत चालवायचा वेळ १४७ मिनिटं होता तो १५१ झाला, म्हणजे काहीच बिघडलं नाही. बरोबर आहे. पण ती राइड क्षमतेच्या ६२ ते ६४ टक्क्यांवर होती. म्हणजे आमच्या रविवारच्या गप्पा मारत केलेल्या रनसारखी. मला वाटतं हे सगळे अभ्यास एकमेकांच्या विरुद्ध नाहीतच, प्रत्येकाने वेगळ्या वेगाला मोजलंय एवढंच.

याच सुमारास रक्त तपासलं. भाऊजींच्या वडिलांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, बायपास झालेली, म्हणून मीच मागे लागले होते. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सुरुवातीला ११८ होतं, आता १८६. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) मात्र १६० वरून ९५, शुगर सुंदर, वजन ७६ वरून ७१.५. डॉक्टरांनी सगळे आकडे नीट पाहिले आणि म्हणाले, घरात हार्टचा इतिहास नसता तर थोडं थांबून बघितलं असतं, पण इथे एवढं एलडीएल घेऊन वर्षानुवर्षं राहायचं नाही. भाऊजींनी शर्यत होईपर्यंतची मुदत मागितली, डॉक्टरांनी दिली, तूप आणि लोणी कमी करून शेंगदाणे, अक्रोड, तीळ, मासे वाढवायला सांगितले.

इथेच एक गोष्ट सांगून टाकते, कारण पुण्यात धावणाऱ्यांमध्ये डायबिटीसवाले पुष्कळ आहेत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली डायबिटीसची गोळी चालू असेल तर केटो करायचं नाही. या गोळ्यांवर शुगर नॉर्मल दिसत असतानाही केटोअॅसिडोसिस (केटोन फार वाढून रक्त आम्लधर्मी होणं) होऊ शकतो, आणि तो जिवावर बेततो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांशिवाय विचारही करू नये. आहारातला केटोसिस आणि तो आजार वेगळा, पण तुमच्या शरीरात रेघ कुठे आहे हे मीटरशिवाय आणि डॉक्टरांशिवाय कळत नाही.

संक्रांत शर्यतीच्या आठवड्यातच आली. गुळपोळीचा वास घरभर, आईंनी तिळगूळ हातावर ठेवला, भाऊजींनी कपाळाला लावून पाकिटात ठेवला.

मुंबई. पहाटे सीएसएमटीला गर्दी, जानेवारी असूनही हवा दमट. सकाळी १५ मिली एमसीटी, कॉफी, मीठ. खिशात काहीच नाही. मी ४:३० च्या बसच्या, म्हणजे त्या वेळेत पोचवणाऱ्या पेसरच्या घोळक्याच्या, मागेपुढे धावत होते, म्हणून बराच वेळ एकत्रच होतो. पहिली हाफ २:१५. सी लिंकवर वारा, तिथेही ते हसत होते. ३२ गेला, ३४ गेला, मी दर किलोमीटरला त्यांच्या तोंडाकडे बघतेय, काही नाही. बॉन्क झालाच नाही. पेडर रोडवर बरेच जण बसले होते, लोक संत्र्याच्या फोडी आणि चिक्की पुढे करत होते, भाऊजी नमस्कार करून पुढे. पण चढावर मी म्हटलं आता थोडं ओढूया, आणि त्यांनी प्रयत्न केला, पन्नास पावलं, आणि परत त्याच पेसला आले. दुसरी हाफ २:१९. एकूण ४:३४. आधीपेक्षा १६ मिनिटं जास्त, साडेचार किलो कमी वजन घेऊन.

हिशोब लावला तर तो जुळतो. ७१.५ किलो, ४२ किलोमीटर, २७४ मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ११ कॅलरी. चरबी मिनिटाला १.१-१.२ ग्रॅम जळत असेल तर जवळजवळ सगळा खर्च तिथूनच निघतो, म्हणून बॉन्क नाही. ४:१० ला धावायचं तर मिनिटाला १२ च्या वर लागणार, तो वरचा एक-दीड कुठून आणणार? साखर जाळायची सवयच मोडलेली. केटोवर फार दिवस राहिल्यावर स्नायू साखर वापरण्यात मंदावतात हे नंतर मी वाचलं, म्हणूनच शर्यतीच्या दिवशी दोन जेल खाऊन काम भागत नाही.

केटोन एस्टरच्या बाटल्यांबद्दलही भाऊजींनी विचारलं होतं, व्यावसायिक सायकलिंगमध्ये वापरतात ते पेय. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या लोकांनी दाखवलं की तासाभराच्या राइडनंतर अर्ध्या तासाच्या टाइम ट्रायलमध्ये सायकलपटू त्यावर दोनेक टक्के जास्त अंतर गेले. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात व्यावसायिक सायकलपटूंना वेगळ्या प्रकारचं केटोन पेय दिलं तर ते दोन टक्के हळू गेले आणि पोटं बिघडली. एवढ्यावरून घरच्या पैशातून ती बाटली घ्यावी असं मला वाटलं नाही, आणि भाऊजींनाही नाही.

फेब्रुवारीत त्यांनी केटो सोडलं. पहिल्या दिवशी जावेने ज्वारीची भाकरी आणि पिठलं केलं, भाऊजींनी पहिला घास घेऊन तिच्याकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. तीन महिन्यांनी एलडीएल १२४.

पण मूळ अडचण, जेल न पचण्याची, ती तशीच होती, आणि आता आम्ही तिच्याच मागे लागलो, जे खरं तर आधी करायला हवं होतं. पोटालाही ट्रेनिंग लागतं. दर रविवारी लाँग रनला आधी तासाला २० ग्रॅम कार्ब, दोन-तीन आठवडे तेवढंच, मग ३०, मग ४०. जेलऐवजी लिंबू-साखर-मिठाचं पाणी बाटलीत, बिया काढलेले खजूर, राजगिऱ्याची चिक्की बारीक करून, उकडलेल्या बटाट्याच्या मीठ लावलेल्या फोडी झिपलॉकमध्ये. साधी साखर म्हणजे अर्धी ग्लुकोज अर्धी फ्रुक्टोज, दोन्ही आतड्यात वेगवेगळ्या दारांनी आत जातात, म्हणून नुसत्या ग्लुकोजपेक्षा जास्त मावते. चौथ्या महिन्यात तासाला ५० ग्रॅम विनातक्रार जायला लागले. मळमळ जी व्हायची ती बरीचशी जेलवर पाणी न पिण्यामुळे आणि सुरुवातीला फार वेगाने धावण्यामुळे होती असं आता माझं मत आहे.

केटोमधून एक गोष्ट मात्र ठेवली. आठवड्यातून एकदा, बुधवारी सकाळी, उपाशीपोटी १२ किलोमीटर एकदम निवांत, आदल्या रात्री भात-पोळी नाही. बाकी टेम्पो आणि लाँग रन नीट खाऊन. चरबी वापरायची सवय थोडी राहते आणि गिअरही जात नाही. बर्क यांच्या प्रयोगातला कमी-जास्तवाला गट साधारण असाच होता.

दुसऱ्या वर्षीची संक्रांत परत त्याच आठवड्यात. या वेळी शेवटचे दोन दिवस दिवसाला ६०० ग्रॅमच्या आसपास कार्ब, किलोला आठ ग्रॅम, म्हणजे मऊ भात, गुळपोळी, साबुदाण्याची खीर, केळी, आणि आईंना आकाश ठेंगणं. वजन ७३. तासाला ५० ग्रॅम, बाटली आणि चिक्की. पहिली हाफ २:००, दुसरी २:०३, ४:०३ ला फिनिश. पेडर रोड धावत. मी मागे राहिले होते, फिनिशला भेटल्यावर त्यांनी पाकिटातून मागच्या वर्षीचा तिळगूळ काढला, दगडासारखा झालेला, आणि अर्धा तोडून माझ्या हातावर ठेवला.

आता याला केटो हरलं म्हणायचं का? मी नाही म्हणणार, कारण एक वर्ष जास्त ट्रेनिंग झालं, हवा त्या वर्षी जरा गार होती, आणि एका माणसाचे दोन निकाल म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय पल्ला बदलला की गणित बदलतं. अमेरिकेचा झॅक बिटर लो-कार्बवर ट्रेनिंग करतो आणि २०१९ मध्ये मिलवॉकीला त्याने १०० मैल ११ तास १९ मिनिटांत धावून त्या वेळचा जागतिक विक्रम केला. पण तोही शर्यतीत कार्ब घेतो, इतरांपेक्षा कमी, हे त्याचं उदाहरण देणारे सांगत नाहीत.

म्हणून मागच्या पावसाळ्यानंतर भाऊजींनी १२ तासांची स्टेडियम रन घेतली तेव्हा आम्ही आधीचे सहा आठवडे कार्ब मध्यम ठेवले, दिवसाला दीडशे ग्रॅम, केटो नाही. शर्यतीत तासाला फक्त २५ ते ३० ग्रॅम. पेस आठच्या पुढे, हार्ट रेट १३० च्या आत, या वेगाला चरबी सहज पुरते. आठव्या तासाला जावेने ट्रॅकच्या कडेला डबा उघडला, भाकरीचा चतकोर, त्यावर लोण्याचा गोळा आणि ठेचा. चालत चालत खाल्लं, पाणी प्याले, पोटाने काही तक्रार केली नाही. ७८ किलोमीटर झाले. एमसीटीची बाटली अर्धी आहे अजून, जावेच्या स्वयंपाकघरात, तिची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय.